धुळीआडच्या दीर्घिका : दोन पत्रे

मौना केआ, हवाई

ती. बाबांस, सा. न.

आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके तारे जन्मतात; स्टारबर्स्ट दीर्घिकेत शेकडो. पण हे सारे बाळंतपण धुळीआड होते. धूळ ताऱ्यांचा प्रकाश गिळून तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त लाटांतून बाहेर टाकते. तापते म्हणायचे एवढेच. उणे 240 अंश सेल्सिअसच्या आसपासच! विश्व प्रसरण पावताना या लाटा ताणल्या जातात. दूरची दीर्घिका मंद होते खरी, पण तिच्या वर्णपटाचा उजळ माथाही मिलिमीटर पट्ट्याकडे सरकत येतो. तोटा आणि फायदा जवळपास फिटतात. इथे अंतरापेक्षा जास्त नडते ते डोक्यावरच्या हवेतले बाष्प.

म्हणून 15 मीटर व्यासाची मॅक्सवेल दुर्बीण 4,092 मीटर उंचीवर आहे. तिच्या स्कूबा कॅमेऱ्यातले बोलोमीटर हे संवेदक केवल शून्याहून जेमतेम 0.1 अंश वर ठेवत. तरी हवेची स्वतःची चमक संकेताच्या हजारो पट. दुय्यम आरसा सेकंदाला सात-आठदा हलवून शेजारचे आकाश वजा करावे लागे. हबल डीप फील्ड या, हबल दुर्बिणीने टिपलेल्या आकाशाच्या तुकड्याच्या अशा निरीक्षणातून 1998 साली पाच ठिपके हाती आले. सर्वांत उजळ ठिपका, एचडीएफ 850.1, नेमका कोणत्या दीर्घिकेचा हे ठरेना. ठिपका 15 कोनीय सेकंदांएवढा पसरट, आणि खरी दीर्घिका हबलच्या छायाचित्रात उमटलेलीच नव्हती. 2012 साली कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांनी उत्तर दिले : ताम्रसृती, म्हणजे लाटा किती ताणल्या गेल्या त्याचे माप, 5.18. विश्व 110 कोटी वर्षांचे असतानाचा हा प्रकाश.

चाहनांतोर पठार, चिली

ती. बाबांस, सा. न.

ठिपका बारीक हवा तर तबकडी अवाढव्य हवी. ती बांधता येत नाही, म्हणून 5,000 मीटरवर आल्मा दुर्बिणीच्या 66 अँटेना एकत्र जोडल्या आहेत; त्यांतल्या काही एकमेकींपासून 16 किलोमीटरपर्यंत दूर नेता येतात. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचे तत्त्व हेच. मात्र तिच्या लांब लाटांना ढगांचे सोयरसुतक नाही; तिला नारायणगावची उंची पुरते. इथे कोरड्या रात्री डोक्यावरचे सगळे बाष्प पाणी करून पसरले तर थर मिलिमीटरभर, आणि माणसांना श्वासासाठी नळकांडी.

आल्माने पाहिल्यावर जुन्या एकेका ठिपक्यातून कधी दोन, कधी तीन दीर्घिका निघाल्या. काही खऱ्या शेजारणी, काही नुसत्या एका रेषेत आलेल्या. ताराजन्माचे आधीचे आकडे त्यांच्यात वाटून द्यावे लागले. पण आल्माला एका वेळी दिसणारे आकाश चंद्रबिंबाच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्शाएवढेच. त्यामुळे विस्तृत आकाश चाळण्याचे पहिले काम अजून एकट्या तबकड्यांकडेच आहे : मौना केआची 15 मीटरची, मेक्सिकोत सिएरा नेग्रावरची 50 मीटरची.