नानांची फार्शी

ताईच्या लग्नाचा बस्ता बांधायला १९६८ साली आम्ही धाराशिवहून सोलापूरला गेलो होतो. दुकानदाराने शालू पुढ्यात टाकले आणि नानांना नेमके तेव्हाच व्याकरण सुचले. "फार्शीत 'बस्तन' म्हणजे बांधणे, 'बस्ता' म्हणजे बांधलेला. म्हणजे आपण बांधलेले बांधायला आलो!" आई म्हणाली, "अहो, आधी भाव करा."

नाना निजामी राजवटीत शिकलेले. फार्शीला मौलवीसाहेब होते आणि 'आमदनामा' नावाचे क्रियापदांचे पुस्तक. आम्ही दिवेलागणीला पावकी-निमकी म्हणू लागलो की नानांचा परवचा सुरू होई: आमद, आमदंद, आमदी, आमदीद, आमदम, आमदीम. तो आला, ते आले, तू आलास...

या भाषेत क्रियापदाला दोन मुळे. बांधण्याचे भूतकाळी 'बस्त', वर्तमानकाळी 'बंद'. दोन्ही एका दाव्याला जुंपली की झाला बंदोबस्त! वर्तमानाचे मूळ नामाच्या शेपटीला लावले की तो करणारा. 'दाश्तन' म्हणजे बाळगणे, त्यातला 'दार' जमीनदारात आहे. 'नविश्तन' म्हणजे लिहिणे, त्यातला 'नवीस' झिजून चिटणीस, पारसनीस झाले. 'खुर्दन' म्हणजे खाणे, त्याचा 'खोर'. मराठीने हे प्रत्यय उचलून घरच्या शब्दांना डकवले: पाणीदार, भांडखोर. "भांडणे खाऊन जगणारा," असे नाना आमच्या एका आत्याकडे पाहून म्हणत. भूतकाळी मुळाला 'आ' जोडला की धातुसाधित. 'पुख्तन' म्हणजे शिजवणे, 'पुख्ता' म्हणजे शिजलेला, तोच आपला पोक्त. माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश नाना देवाच्या पोथ्यांशेजारी ठेवीत.

एकदा अर्थांवर गाडी आली. 'बूदन' म्हणजे असणे. आज्ञार्थ 'बाश'. शाद बाश, आनंदी राहा. त्याचे झाले शाबास. इच्छार्थ 'बाद', म्हणजे असो, होवो, म्हणून जिंदाबाद. (उस्मानाबादेतला 'आबाद' निराळा, तो वसलेला. ते नाव २०२३ मध्ये गेले.) मी विचारले, "आणि मुर्दाबाद, नाना?"

नाना उठून आत गेले.

कारण कळायला तीस वर्षे लागली. सप्टेंबर १९४८ मध्ये फौजा सोलापूरकडून नळदुर्गावरून आल्या आणि पाच दिवसांत निजामी संपली. रझाकारांनी लोकांना फार छळले होते. पण नंतरचा सूड ज्यांनी काही केले नव्हते अशा मुसलमानांवरही उगवला, आणि आमचा जिल्हा त्यात फार पोळला. सतरा वर्षांचे नाना एका घोळक्यात ओरडत चालले होते. घोळका मौलवीसाहेबांच्या गल्लीत शिरला. मौलवीसाहेब खिडकीत उभे होते.

"त्यांनी मला पाहिले," नाना म्हणाले. "त्या घोळक्यात 'बाद'चा अर्थ ठाऊक असलेला मी एकटाच असेन. आणि तो त्यांनीच शिकवलेला."

घोळका पुढे गेला. मौलवीसाहेबांना कुणी हात लावला नाही. आठ दिवसांत ते बायकामुलांसह हैदराबादला निघून गेले.

नाना गेल्यावर मी त्यांचे जुने दप्तर सोडले. फार्शीच्या वहीत पानोपानी लाल शाईने 'शाद बाश' लिहिलेले. नानांनी शिकवलेली ती अक्षरे मला अजून लागतात. वहीत एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड होते. त्यावर नानांच्या अक्षरात मायना, आणि पुढे कार्ड कोरे.