पोपटीचा जाळ

पौष-माघात अलिबाग-मुरुडच्या बाजूला आलात, तर तिन्हीसांजेला शेतातून निघणारा धूर पाहून बिचकू नका. तिथे पोपटी लागलेली असते!

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर इथे वाल पेरतात. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात. शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस आले. मडक्याच्या तळाशी बांधावरचा भांबुर्ड्याचा पाला, त्यावर जाडे मीठ व ओवा लावलेल्या शेंगा, कांदे, बटाटे, कोणाची अंडी तर कोणाची कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च. पाण्याचा थेंबही नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलीवरच वाफ धरते. फवारणी नुकतीच झालेल्या शेतातल्या शेंगा किंवा पाला मात्र घेऊ नका.

एवढे सर्वांना जमते. चुकतो तो जाळ. माझ्या पहिल्या पोपटीत मी एकाच बाजूला लाकडे रचली. निम्म्या शेंगांचा कोळसा, निम्म्या कच्च्या! शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, "साहेब, ही चूल नव्हे. मडक्याला चारी अंगांनी धग लागली पाहिजे."

तेव्हा असे करा. मडके पालथे ठेवा. सभोवती शेण्या व काटक्या, वर सुका पाला आणि झावळ्या रचा. रचण दाबू नका. हवा खेळली नाही तर नुसता धूर होतो. चहूकडून पेटवा. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडा. चर्र आवाज होऊन थेंब लगेच उडाले, की पोपटी झाली.

आता महत्त्वाचे. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून मतलई सुटतो. तिन्हीसांजेला वारा पडला असे वाटते, पण तो दिशा बदलत असतो. ठिणगी आता जिकडे जात नाही, तिकडे तासाभराने जाईल. म्हणून पेंढ्याच्या उडवीपासून चांगले लांब जा, भोवतालचे गवत खरवडा, पाण्याची घागर जवळ ठेवा. पेटवायला मूठभर पेंढा पुरे. बाकीचा गुरांचा आहे. उठण्यापूर्वी राख भिजवून, काठीने उकरून पाहा.

पोपटी एका संध्याकाळची असते, वैरण वर्षाची.