उपनगरांतला जुन्या कार्डांचा बाजार

मुंबईला आपण जातो ते दवाखान्याच्या, कोर्टाच्या नाहीतर लेकीच्या घरच्या कामाने. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड इकडे गावचे कोणी ना कोणी राहतेच. अशा मुक्कामात एक निराळा बाजार पाहता येतो, तो खेळाडूंच्या जुन्या कार्डांचा.

विलायतेत सिगारेटचे पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. पुढे त्यावर खेळाडूंची चित्रे छापू लागले. आपले रणजितसिंहजीही त्यांवर झळकले. आपल्याकडे १९९० च्या सुमारास ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डे मिळत. त्यांवर धावा व बळी छापलेले असत आणि पोरे ते जमवीत. अमेरिकेत मिकी मँटल या बेसबॉलपटूचे १९५२ सालचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना गेले. पण हा आकडा ऐकून हुरळू नये. तो भाव दुर्मिळपणाला आणि कोऱ्या करकरीत अवस्थेला मिळाला.

तिकडे निव्वळ कार्डांचे मेळे भरतात. आपल्या उपनगरांत असा नेमाने भरणारा मेळा माझ्या पाहण्यात नाही. इथे कार्डे टपाल तिकिटे, नाणी आणि जुन्या कागदपत्रांच्या संगतीने फिरतात. म्हणून शोधही त्याच वाटेने घ्यावा.

पहिली पायरी रद्दीच्या दुकानांची. बोरिवलीहून लोकलने अंधेरी, तेथून २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने घाटकोपर, पुन्हा लोकलने मुलुंड, असा फेरा एका दिवसात होतो. ‘एकच षटकार’सारख्या मासिकांचे जुने अंक मागावेत. मग संग्राहक कोण येतात, ते कुठल्या प्रदर्शनाला जातात, हे दुकानदारालाच विचारावे.

दुसरी पायरी सीएसएमटीजवळच्या मोठ्या टपाल कार्यालयाची. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारी ही इमारत आहे. तेथील तिकीट-संग्राहकांच्या विभागात ‘महापेक्स’ या राज्य प्रदर्शनाची आणि इतर प्रदर्शनांची चौकशी करावी. १९७१ च्या क्रिकेट विजयाचे तिकीट, १९९६ ची नायडू, देवधर, मंकड व मर्चंट यांची तिकिटे ज्यांच्याकडे असतात, त्यांना कार्डवाल्यांचाही पत्ता असतो.

चांगले प्रदर्शन कसे ओळखावे? बाजार समितीची नजर लावावी. विक्रेते अनेक असावेत, भाव लिहिलेले असावेत, माल उजेडात निरखू द्यावा. कांद्याप्रमाणे इथेही प्रतवारी आहे. कोपरे शाबूत हवेत, घडी, डाग, चिकटपट्टी नको. एकाच अडत्याचा भाव ऐकून आपण माल टाकत नाही, मग पहिल्याच टेबलावर कार्ड का विकावे?

आता आपल्या घरचे पाहा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले. त्या काळच्या कुस्ती-मैदानांची हँडबिले, तालमीतले फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणे कित्येक घरांच्या ट्रंकांत असतील. दिवाळीच्या साफसफाईत तीच किलोच्या भावाने जातात. कार्डे हजारोंनी छापली गेली, पण गावच्या मैदानाचे हँडबिल एकदा गेले की पुन्हा मिळणे कठीण.

म्हणून अशी वस्तू सापडली तर खळ लावून चिकटवू नये, प्लास्टिकमध्ये पक्की बंद करून घेऊ नये. कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावी आणि मागे साल, गाव व पैलवानाचे नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. विकायची की राखायची, ते दोन-चार प्रदर्शने पाहून ठरवावे.