‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

‘यातले तुम्हाला कळणार नाही. हात लावू नका, बिघडवून ठेवाल.’ मुंबईतल्या एका दुकानदाराने आम्हा दोघा नवरा-बायकोंना हे वाक्य ऐकवले तेव्हा आमच्या हातात जुने थोरेन्स टीडी १६० टर्नटेबल होते. ते बसवून द्यायचे त्याने जे पैसे सांगितले, तेवढ्यात आमच्या घरात महिन्याचा किराणा येतो. पण पैशांपेक्षा ते वाक्य आम्हाला जास्त लागले. कारण ते आम्ही आयुष्यात वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहोत आणि दर वेळी त्याचा अर्थ एकच निघाला आहे: माहिती आमच्यापाशी राहील, तुम्ही पैसे मोजा आणि मान डोलवा.

हे टर्नटेबल हौसेसाठी आणलेले नाही. वडील परळच्या गिरणीत होते. पगारातून पै-पै वाचवून त्यांनी शाहिरांच्या आणि कव्वालीच्या तबकड्या घेतल्या. १९८२ चा संप लांबला तेव्हा घर चालवण्यासाठी प्लेअर विकावा लागला. तबकड्या मात्र त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपल्या. आता ते पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि कानात श्रवणयंत्र आहे. त्या तबकड्या पुन्हा एकदा ऐकाव्यात एवढीच त्यांची इच्छा होती. म्हणून आम्ही चोरबाजारातून हे जुने यंत्र उचलले.

मुळात या यंत्रात गूढ असे काय आहे? फिरणारी थाळी आणि सुई धरणारा दांडा हे दोन्ही धातूच्या एकाच सांगाड्यावर बसवलेले असतात आणि तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तरंगतो. मोटर बाहेरच्या पेटीच्या पत्र्याला पक्की असते आणि रबरी पट्ट्याने थाळी फिरवते. त्यामुळे मोटरची थरथर सुईपर्यंत सहसा पोचत नाही. थाळी आणि दांडा हललेच तर एकत्र हलतात, म्हणून सुई खाचेतच राहते. एवढेच तत्त्व आहे.

बसवण्याची रीतही अशीच साधी आहे. आधी वाहतुकीसाठी आवळलेले स्क्रू सोडायचे. यंत्र जिथे राहणार ती फळी गवंड्याच्या स्पिरिट लेव्हलने सपाट करायची. मग थाळी, रबरी चटई, कार्ट्रिज आणि एक नको असलेली तबकडी असे सगळे वजन चढवायचे, कारण रिकाम्या यंत्राची पातळी तबकडी ठेवताच बदलते. यंत्र दोन ठोकळ्यांवर टेकवायचे, खालचा तळ काढायचा आणि तिन्ही नट एका वेळी पाव फेरा असे फिरवत थाळी सपाट आणायची. शेवटी थाळी मध्याजवळ बोटाने हलकी दाबून सोडायची. ती सरळ खाली-वर डोलली पाहिजे. कडेला झोके घेत असेल तर स्प्रिंग जागच्या जागी थोडी फिरवून बघायची. हे सगळे जमल्यावरच सुईचा दाब. दांडा अधांतरी तरंगेल असा तोल साधायचा आणि मग कार्ट्रिजच्या कागदावर सांगितलेला दाब द्यायचा. आमचा २ ग्रॅम होता.

एवढे करूनही आमची थाळी झोके घेतच होती. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावले. त्यांनी थाळी दोनदा दाबली आणि म्हणाले, ‘वायर ओढतेय बघा.’ दांड्यातून निघणारी केबल ताणलेली होती आणि सांगाड्याला एका बाजूला खेचत होती. त्यांनी स्वतः हात लावला नाही. आमच्याकडूनच केबलला सैल वळसा देऊन घेतला. थाळी सरळ डोलू लागली.

मग वडिलांची पहिली तबकडी लावली. तेवढ्यात शेजारचा मुलगा धावत आत आला आणि सुई उडी मारून पुढे गेली. तबकडीवर ओरखडा पडला. वडील काहीच बोलले नाहीत. ही चूक आमची होती. स्प्रिंगा सगळेच धक्के खातात असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात अशा स्प्रिंगा स्वतः सेकंदाला साधारण चार-पाच वेळा डोलतात. त्याहून बऱ्याच जलद थरथरी त्या अडवतात. माणसाचे पाऊल मात्र सेकंदाला साधारण दोनदा पडते, आणि आमच्या चाळीची लाकडी जमीन त्याबरोबर संथ हलते. अशी संथ हालचाल स्प्रिंगा अडवत नाहीत, उलट कधी वाढवतात. उपाय सोपा निघाला. टेबल काढून टाकले, जाड भिंतीत ब्रॅकेट ठोकले आणि त्यावर हलकी फळी बसवली. आता मूल धावले तरी सुई हलत नाही.

तीन स्प्रिंगांवर तरंगणारी ही रचना १९६१ च्या सुमारास अमेरिकेत एडगर विल्चर यांच्या टर्नटेबलने रूढ केली. पुढे थोरेन्स आणि स्कॉटलंडची लिन याच वाटेने गेल्या. हेच विल्चर नंतर श्रवणयंत्रांकडे वळले. मंद आणि मोठे आवाज वेगवेगळ्या प्रमाणात वाढवण्याचे त्यांचे संशोधन १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही, ते सर्वांसाठी खुले ठेवले. आजची बहुतेक श्रवणयंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. म्हणजे तबकडीचा आवाज ज्या कानांनी वडील ऐकतात, तिथेही कुणीतरी न लपवलेले ज्ञान आहे.

कसबाला किंमत नाही असे आमचे म्हणणे नाही. काकांच्या बोटांत चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि त्याचे पैसे आम्ही दिले. पण कसब आणि गूढ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कसबी माणूस समोरच्याला पाहू देतो, विचारू देतो. गूढ विकणारा आधी समोरच्याला अडाणी ठरवतो आणि मग भाव सांगतो.

ओरखड्याच्या जागी आजही टक्‌टक् असा आवाज येतो. वडील म्हणतात, ‘राहू द्या, गाणं तर ऐकू येतंय.’ परवा तोच शेजारचा मुलगा विचारत होता की थाळी तरंगते कशी. आम्ही यंत्र खाली उतरवले, तळ काढला आणि पाना त्याच्या हातात दिला.