तोड कधी येणार?

गेल्या शनिवारी पुण्याहून कोल्हापूरला गेलो तो गावाची वेबसाइट लॅपटॉपमध्ये घेऊनच. दोन वीकएंड खपून केली होती. गावाचा इतिहास, जत्रेचे फोटो, तालमीची माहिती, वर फिरता बॅनर! म्हटलं, गावाला जरा ऊर्जितावस्था येऊ दे.

मामांनी चष्मा लावून सगळं नीट बघितलं. मग म्हणाले, "झ्याक केलंयस की. पर ह्यात माझ्या उसाला तोड कधी येणार ते कळतंय काय?"

आमची बोलती बंद.

रात्री वारणानगर आठवलं. आमच्याच जिल्ह्यातलं. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभ्या केलेल्या साखर कारखान्याच्या परिसरातल्या ७० गावांसाठी १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी योजना, सगळं तिथे मिळेल असं स्वप्न. प्रत्यक्षात ते संगणक मुख्यतः कशाला वापरले गेले? उसाच्या नोंदी, तोडणी, भरलेलं वजन, खताची उचल... बस्स.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मंडळींनी तिथल्या सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाऐवजी मोबाइल आणि एसएमएस. काम तेच, खर्च कमी, आणि शेतकऱ्यांना जास्त पसंत! २००७ मध्ये त्यावर पेपरही आला.

काही जण याला स्वप्नाचा पचका म्हणतील. मला नाही तसं वाटत. तोडलेला ऊस उन्हात पडला की वजन घटतं, आणि वजन म्हणजे वर्षाची कमाई. आपला नंबर कधी, काट्यावर किती भरलं, हे वेळेत कळलं की शंका मिटते. सहकार टिकतो तो अशा विश्वासावर. गावही.

रविवारी मामांबरोबर चिटबॉयकडे गेलो. त्याच्या वहीत सगळं होतं. म्हटलं, हे मी वेबसाइटवर टाकू का? तो हसला. "गावच्या ग्रुपवर रोज टाकतोय की, दादा. मामांचा फोनच साधा हाय, त्याला मी काय करू?"

म्हणजे माहिती होती, रस्ताही होता. फक्त तो मामांच्या दारापर्यंत येत नव्हता.

असो. बॅनर काढून टाकलाय. साधे फोन असलेल्यांची यादी मामा करताहेत. पंचवीस नावं झालीत. चिटबॉयच्या वहीतला ज्याचा त्याचा नंबर रोज संध्याकाळी एसएमएसने त्यांना पाठवायचा, एवढंच काम पुढच्या वीकएंडला करणार आहे. जत्रेचे फोटो नंतर बघू.