हवेचं पासबुक

एक्स्पोजर हा शब्द आम्हा बँकवाल्यांच्या रोजच्या पानातला. अमुक पार्टीकडे बँकेचं एक्स्पोजर किती, म्हणजे ती पार्टी उद्या बुडाली तर आपले किती बुडतील. हाच शब्द हवेच्या प्रदूषणातही चालतो, ही बातमी मला मेव्हण्यानं दिली. तो पुण्याला पर्यावरणशास्त्र शिकवतो आणि दिवाळीला नगरला आला की फराळाच्या ताटावर शिकवतो. (२०२४ साली आमच्या नगरचं अहिल्यानगर झालं, पण स्टँडवर ‘नगर, नगर’ पुकारणाऱ्या कंडक्टरच्या जिभेपर्यंत तो जी.आर. अजून पोचलेला नाही.)

“दाजी, हवा किती घाण आहे हा एक प्रश्न, आणि ती कुणाच्या छातीत किती जाते हा दुसरा,” तो चकली मोडत म्हणाला.

पहिला प्रश्न यंत्राला विचारतात. ते कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर बसून पी.एम. २.५ मोजतं, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. डोक्यावरचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. ज्यांना आहे त्यांनी ताडून पाहावं. या कणांची वर्षाची मर्यादा आपल्या सरकारच्या लेखी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी २०२१ पासून फक्त ५. एवढी तफावत आमच्याकडे ठेवीच्या आणि कर्जाच्या व्याजातही नसते.

पण गच्चीवर राहणारी जनता थोडी. यंत्राचा आकडा प्रत्येकाच्या नावे लिहिणं म्हणजे शाखेतल्या ठेवींची सरासरी काढून ती सगळ्यांच्या पासबुकात छापणं. आमचे शिपाईमामा खूश होतील, पण पैसे काढायला गेले की कळेल.

मग माणसाचं एक्स्पोजर काढायचं कसं? ती रीत ऐकून माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. माणूस चोवीस तास कुठं कुठं घालवतो ते लिहायचं. त्या त्या जागच्या हवेचा आकडा गुणिले तिथले तास, सगळ्याची बेरीज, भागिले चोवीस. अहो, ही तर आमची प्रॉडक्ट पद्धत! १ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्याचं व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळे, नंतर रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. फुफ्फुसं मात्र रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकासाठी थांबली नव्हती. ती पहिल्यापासून रोजचं प्रॉडक्ट धरतात.

त्यातही पोटभेद आहेत. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो; कष्ट करणारा त्याच्या कैक पट. म्हणजे मार्केट यार्डात गादीवर बसलेला व्यापारी आणि पाठीवर पोतं घेतलेला हमाल, दोघांना हवेचा दर एकच. पण जमा हमालाच्या खात्यावर जास्त. इतर कुठल्याही खात्यावर त्याची अशी बढती झालेली मी पाहिलेली नाही.

२०१९ साली केंद्र सरकारनं हवा सुधारायला १०२ शहरांची यादी केली. तीत पुणं होतं, नाशिक होतं, सोलापूर होतं, तेव्हाचं औरंगाबादही होतं. शेजारीपाजारी सगळे थकबाकीदार, आणि मधोमध आमचं नगर नील! मी कॉलर ताठ करणार, तोच मेव्हणा म्हणाला, “दाजी, यादी मोजलेल्या आकड्यांवरून होते. यादीत नाही म्हणजे हवा शुद्ध, असं नव्हे.” खरंय. ज्याचं खातंच नाही त्याची थकबाकी कुठल्या लेजरात दिसणार?

जिथं यंत्र नाही तिथं उपग्रहाला विचारतात. तो वरून हवेतला धूसरपणा पाहतो, त्यावरून जमिनीलगतचे कण अंदाजतात आणि त्याला लोकसंख्येची जोड देतात. म्हणजे सहसा माणसाचा पत्ता जिथला, तिथली हवा त्याच्या नावे.

इथं मला शिपाईमामांचा भाऊ आठवला. पत्ता पाथर्डी तालुक्यातला. पण दिवाळीच्या सुमाराला बायकोपोरांसह ऊसतोडीला जातो तो उन्हाळ्याच्या तोंडी परततो. आपल्या जिल्ह्यात डझनावर साखर कारखाने. प्रवरानगरचा सहकारी कारखाना तर १९५० पासूनचा. पण हा कुठल्या फडात असेल ते मुकादमाला ठाऊक. तिथं पेटवलेल्या पाचटाचा धूर, कोपीपुढच्या चुलीचा धूर, रात्री गाडी भरताना ट्रॅक्टरचा धूर. आणि हिशेबात मात्र त्याच्या नावे सहा महिने पाथर्डीची मोकळी हवा जमा!

“म्हणून तर आता खिशाएवढी यंत्रं अंगावर देतात,” मेव्हणा म्हणाला. “आमच्याकडे एक आहे. कुणी घालेल का हंगामभर?”

मी मामांना विचारलं. मामांनी तिथल्या तिथं भावाला फोन लावला. पलीकडून बराच वेळ कोयत्यांचे आवाज आले. मग भावानं विचारलं, “गाडी भरताना काढून ठेवू का? मोळीखाली फुटायचं एखाद्या वेळेस.”

“अंगावरच ठेवा,” मेव्हणा घाईनं म्हणाला. “फुटलं तर दुसरं देऊ.”

“बरं. मंग दोन द्या,” भाऊ म्हणाला, “बायको मोळ्या वाहती, तिला खोकला हाय.”