उंच खिडक्या आणि चंद्रपूरचं ऊन

चंद्रपूरला बदली झाली असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा माहेरच्या, सासरच्या सगळ्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "उन्हाला जपा गं!" वाघाचं कुणी बोललंच नाही. ताडोबा जवळ, पण लोकांना धास्ती मे महिन्याची. तीही खोटी नव्हे. इथे पारा ४५च्या पुढे जातो तो आठवडा-आठवडा खाली येत नाही.

राहायला मिळाला जुना सरकारी बंगला. जाड भिंती, कौलारू छप्पर, आणि हॉलला तीन खिडक्या. खिडक्या कसल्या, दरवाजेच म्हणा! उंची ९ फूट, रुंदी ४ फूट, वर दोरीने उघडायची झडप वेगळी. पाहताक्षणी मी खूष. सबंध आयुष्य फ्लॅटच्या वीतभर खिडक्यांना पडदे शिवण्यात गेलेलं! तुम्हीही माझ्यासारख्याच असाल, तर माझी चूक आधी ऐका.

नागपूरहून मी चकचकीत, रेशमासारखं दिसणारं कृत्रिम धाग्याचं कापड आणलं. दुकानदाराने उंची विचारली, मी ९ फूट सांगितली. वरची पट्टी, खालची दुमड, दांडी खिडकीच्या वर किती लागणार, ह्यातलं काहीच धरलं नाही. पडदे लागले ते जमिनीपासून हातभर वर. उटंग विजार घातलेल्या मुलासारखे! त्याचं तर हसूच झालं. पण एप्रिल संपता संपता एका दुपारी पश्चिमेच्या खिडकीखाली दिवाणावर पडलेल्या सासूबाई उठल्या आणि घेरी येऊन खाली बसल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय. मी म्हटलं, "अहो, त्या घरातच होत्या!" ते म्हणाले, "घरातच लागतं म्हातार्‍या माणसांना." मी पडद्याला हात लावून पाहिला, तर तवा! आत कूलर घुरघुरत होता, पण खिडक्या-झडपा गच्च बंद. कूलरची ओलसर हवा बाहेर जायला वाट नसली की घाम वाळतच नाही, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

सासूबाई दोन दिवसांनी सावरल्या. म्हणाल्या, "मला गावी पोचवा." मला फार लागलं ते. रविवारी ह्यांना म्हटलं, गाडी काढा, कापड बघायला जायचंय.

आम्ही मूलचा रस्ता धरला. शहर मागे पडलं की लगेच जंगल लागतं. उन्हाळ्यात साग पार निष्पर्ण, मोहाखाली मात्र बायका-पोरं पहाटेपासून वाकलेली. वाटेत चिचपल्ली लागते. तिथे बांबूचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. पण माझी गाठ पडली ती रस्त्याकडेला सुपं विणत बसलेल्या एका बुरूड बाईशी. सूप घेता घेता मी आपलं गार्‍हाणं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "पडदा आतून लावता, मंग ऊन तं घरात आलंच न बाई!"

एवढंच बोलली, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काच तापली, चौकट तापली, पडदा तापला. तो तापलेला पडदा आपण घरात टांगून ठेवायचा! ऊन अडवायचं ते भिंतीबाहेर. जुन्या बंगल्यांत वाळ्याच्या ताट्या बाहेरच्या अंगाला बांधून त्यांच्यावर पाणी मारत, ते काय उगीच? मी तिथल्या तिथे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांसाठी बांबूच्या चिका सांगितल्या. वरून गुंडाळायच्या, दोरीच्या, बाहेर लावायच्या.

पुढे सावली लागली. नाव तरी पहा, अशा उन्हात! ह्या गावाचं खादीशी जुनं नातं. १९३६ साली गांधी सेवा संघाचं संमेलन इथे भरलं होतं आणि स्वतः गांधीजी आले होते. मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. तिथून आरमोरी, टसरचं गाव. इथले लोक कोसा म्हणतात. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या, पाखरं, मुंग्या ह्यांच्यापासून राखायच्या, हे काम ढिवर कुटुंबं करत आली आहेत. कोसे उकळून धागा काढतात आणि कापड होतं ते न रंगवताच मधाच्या रंगाचं. हात फिरवला आणि मन विरघळलं. ह्याचेच पडदे! ह्यांनी किंमत ऐकून खिडकीची उंची पुन्हा विचारली.

मला सावरलं ते पैशांनी नव्हे. रेशीम उन्हात टिकत नाही, बायांनो. वर्ष-दोन वर्षांत दुमडीवर तंतू सुटतो. लावायचंच तर मागे सुती अस्तर हवं. ते पुन्हा पाणी लागून आटलं की चुण्या पडणार. शिवाय चंद्रपूरला कोळसा! खाणी आहेत, २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे. सकाळी पुसलेलं टेबल संध्याकाळी बोटाला काळं लावतं. पडदा महिन्याला धुता आला पाहिजे. मी सासूबाईंना ब्लाउजपुरता कोसा घेतला आणि पडद्यांसाठी जाडी, कोरी खादी.

ह्या वेळी माप असं धरलं. दांडी झडपेच्या खाली, म्हणजे रात्री दोरी ओढून झडप उघडता येते आणि वर साचलेली गरम हवा निघून जाते. दांडीपासून जमिनीपर्यंत ९ फूट, वर-खाली दुमडीला १ फूट, आणि आटायला अर्धा फूट. एकूण साडेदहा, म्हणजे ३ मीटर २० सेंटिमीटर. पन्हा आधी मोजा! ४८ इंची असेल तर एका खिडकीला दोन पन्हे, ३६ इंची असेल तर तीन. त्याहून कमी घ्याल तर चुण्या पडणार नाहीत आणि पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसेल. कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतलं. खालची दुमड मात्र शिंप्याला घालू दिली नाही. आठ दिवस तशीच टांगली. हातमागाचं जड कापड आपल्या वजनाने उतरतं. मग घरीच हातशिलाई घातली. दांडीला मध्ये एक आधाराचा आकडा हवाच, नाहीतर एवढं वजन तिला वाकवतं.

एक पंचाईत राहिलीच. ओला पडदा बादलीतून उचलवत नाही. दोघी पिळतो, एक टोक मी, एक कामाची बाई.

उत्तरेच्या खिडकीला चीक लावलीच नाही, तिकडून उन्हाचा त्रास नाही. बाकी दोन्ही चिका नऊ वाजता सोडायच्या नि सहाला वर घ्यायच्या, हे काम सासूबाईंनी आपणहून घेतलंय. गावी जायचं त्यांनी ह्या मे महिन्यात काढलं नाही. परवा शेजारीण बसायला आली, नव्या पडद्यांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "इतका खर्च केला, रंग तरी घ्यायचा होता."